बोटीवर घर घ्यायचं म्हणताय? इंदूरच्या बाईने ६८ दिवस राहून लिहिलेला रिव्ह्यू

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं गायब झालो ते थेट जानेवारीत उगवलो, तेव्हापासून भिशीत, लग्नात, राजेंद्रनगरला भाजी घेताना, जिथे भेटतील तिथे लोकं एकच विचारून राहिलेत की ती बोट कशी होती, कितीला पडते आणि रिटायर झाल्यावर आपण पण तिकडे घर घ्यावं का. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहितेय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी आमची लायकी सांगते. आम्ही इंदूरचे, म्हणजे आमच्यासाठी पाणी म्हणजे नळाला एक दिवसाआड येणारी नर्मदामैया, आणि बोट म्हणजे पिपल्यापाल्याच्या तलावात पोरांना घेऊन मारलेली चक्कर, फार झालं तर नर्मदेच्या धरणावरचं हनुवंतिया. पोहता दोघांनाही येत नाही. मी शाळेतून रिटायर, हे वीज मंडळातून. तर असली बोट आम्ही काही घेतलेली नाही. न्यू जर्सीच्या ताई-जिजाजींनी एका बोटीवर काही वर्षांसाठी केबिन घेतलीय, ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, केबिन रिकामी पडणार होती, जिजाजी म्हणाले पाहुणे म्हणून तुम्ही राहा, रोजचा पाहुण्यांचा चार्ज तेवढा भरा. बोटीचं नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि ताईला अजून तिथेच राहायचंय.

हा प्रकार नक्की काय असतो ते सांगते कारण लोकं याला नेहमीची क्रूझ समजतात. नेहमीच्या क्रूझला आठ दिवस जायचं, खायचं, नाचायचं, परत यायचं. ही बोट परत येतच नाही, ती जगाला फेरी मारत राहते आणि लोकं तिच्यावर राहतात, कपाटात हिवाळ्याचे कपडे लावून, भिंतीवर नातवंडांचे फोटो चिकटवून. यातली सगळ्यात नावाजलेली 'द वर्ल्ड', २००२ पासून चालू आहे, १६५ घरं, आणि बोटीची मालकी त्या राहणाऱ्या लोकांचीच, म्हणजे अक्षरशः सोसायटी. पण तिथले भाव दशलक्ष डॉलरमध्ये, ते आपण सोडूनच देऊ. अलीकडे ज्या स्वस्तातल्या निघाल्यात त्या म्हणजे जुनी क्रूझ बोट घ्यायची, रंगरंगोटी करायची आणि केबिनी विकायच्या, लहान बिनखिडकीची केबिन एक-सव्वा लाख डॉलरपासून, म्हणजे आपल्या रुपयात कोटीच्या आसपास. आमची यातलीच. आता नीट वाचा, केबिन "विकत" घेतली तरी दर महिन्याला मेंटेनन्स आहेच, आणि तो आपल्या सोसायटीसारखा दोन-अडीच हजार रुपये नाही, हजारांत आहे पण डॉलरच्या. त्यात जेवण, डिझेल, बंदराचे पैसे, स्टाफचे पगार सगळं येतं, त्यामुळे हिशोबाने अगदी लूट आहे असं नाही. पण जो कागद हातात येतो तो रजिस्ट्री नाही. अमुक वर्षं किंवा बोट चालेल तोवर राहायचा हक्क, एवढंच. विजयनगरला कोटीचा फ्लॅट घेतला तर तो पोरांना ठेवता येतो, इथे जमीनच नाही तर ठेवणार काय.

केबिन दीडशे स्क्वेअर फूट. आमचं देवघर आणि कोठीघर मिळून एवढं होईल. पलंग, टेबल, एवढासा फ्रीज, गोल काचेची खिडकी, आणि बाथरूम असं की साबण खाली पडला तर उचलायला दार उघडावं लागतं. संडास विमानासारखा, बटण दाबलं की असा आवाज करतो की पहिल्या रात्री हे घाबरून बाहेर आले. जेट स्प्रे नाही. पाण्याचा मग घरून न्या, एवढं एक ऐका माझं. पण स्वच्छता एक नंबर, रोज पोरगा येऊन चादर ताणून जायचा, त्यात नावं ठेवायला जागा नाही. इस्त्री, केटल, शेगडी, मेणबत्ती सगळ्याला बंदी, आगीची भीती, त्यामुळे निरांजन आणि उदबत्तीसुद्धा नाही. मी सेलवर चालणारा दिवा नेला होता, बाप्पाने चालवून घेतलं.

आता माझा आवडता विषय. कचरा. हसू नका, २०१७ पासून स्वच्छतेत नंबर एकच्या शहरातली बाई आहे मी, सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकल्याशिवाय चहा उतरत नाही. केबिनमध्ये डबा एकच बघून मी पहिल्याच दिवशी त्या पोराला धरलं की ओला-सुका कुठेय. तो हसला आणि दोन दिवसांनी आम्हाला खालची खोली दाखवायला परवानगी घेऊन आला. तिथे चार माणसं हातमोजे घालून अख्ख्या बोटीचा कचरा हाताने वेगळा करतात, काच वेगळी, डबे चेपून वेगळे, कागद भट्टीत, प्लास्टिक गोण्यांत भरून बंदरावर उतरवायला. उष्टं-खरकटं यंत्रात बारीक वाटतात. समुद्रात प्लास्टिकचा तुकडासुद्धा टाकायला जगभर बंदी आहे आणि अन्न टाकायचं तर किनाऱ्यापासून लांब गेल्यावरच, आणि फार लांब नसाल तर २५ मिलिमीटरपेक्षा बारीक करून. तरी माझा मुद्दा तोच राहिला, चार माणसं खाली उभी राहून जे करतात ते वर राहणारे सहाशे हात सकाळीच करू शकतात. मंगळवारच्या मीटिंगमध्ये बोलले मी हे. टाळ्या पडल्या. डबा एकच राहिला.

ही मंगळवारची मीटिंग म्हणजे बघण्यासारखी चीज. कॅप्टन येतो, पुढचा रूट सांगतो, हवामान सांगतो, कोणालाच ऐकायचं नसतं, सगळे थांबलेले असतात वॉशिंग मशीनच्या विषयासाठी. कोणीतरी दुसऱ्याचे ओले कपडे मशीनमधून काढून वर ठेवले, यावर चाळीस मिनिटं. आमच्या कॉलनीत पार्किंगवरून होतं ना, डिट्टो. व्हॉट्सॲप ग्रुप पण आहे, त्यावर गुड मॉर्निंग पण येतं. आणि बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. मला वाटलं होतं जग फिरणारी लोकं वेगळी असतील, पण दुसऱ्या आठवड्यात कोण कोणाशी बोलत नाही ते मला पाठ झालं होतं.

जेवण. बुफे, रोज तेच फिरवून, व्हेज म्हणजे पास्ता, उकडलेल्या भाज्या, सूप, आणि बुधवारी "करी" नावाचं पिवळं काहीतरी. पण खलाशी आणि किचनवाल्यांत गोव्याची पोरं असतातच, आम्हाला पण एक भेटला, पेडण्याचा, मराठी ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. त्याने कुठूनतरी पोहे पैदा केले, जाड होते पण चालले. मी सांगितलं तसं भिजवून वाफवले, बडीशेप घातली, आणि वर मी नेलेलं जिरावण, म्हणजे आपला पोह्यावरचा इंदुरी मसाला, आणि शेव. बाजूच्या टेबलावरचे दोघं वास घेत आले. नंतर नंतर तर लोकं माझ्याकडे "ती तपकिरी पावडर" मागायला यायचे, उकडलेल्या बटाट्यावर, अंड्यावर, एक कॅनडाचा म्हातारा तर सफरचंदावर टाकून खायचा. अर्धा किलो नेलं होतं, पॅसिफिकमधल्या ताहिती बेटापर्यंत संपलं. नोरोव्हायरस म्हणून पोटाची साथ बोटींवर पसरते त्यामुळे बुफेच्या दारात हात धुवायला लावतात, माणूसच उभा असतो, ते मात्र मला फार आवडलं.

आम्ही चढलो पनामात, कोलोनला. अमेरिकेचा व्हिसा होता आणि आधी एकदा वापरलेला, त्यावर पनामाचं काम झालं. व्हिसाचं एकदाच सांगते, ताईकडे अमेरिकन पासपोर्ट, तिला हा प्रश्न कळतच नाही. आपल्या पासपोर्टवर ही बोट म्हणजे सतत फॉर्म भरणं. ताहिती फ्रान्सचं आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या एकत्र व्हिसात, नाही, त्याचा वेगळा व्हिसा काढला. युरोपात बोट सहा महिने फिरणार असेल तरी आपल्याला १८० दिवसांत ९०च दिवस. म्हणजे घर तुमचं पण घर जिथे उभं आहे तिथे तुम्ही उतरू शकत नाही, असा प्रकार होऊ शकतो. पानं पण ६० वालीच पासपोर्टची बुकलेट घ्या.

पनामा कालवा यांच्यासाठी होता. पहाटे पाचपासून हे डेकवर, टोपी घालून, जणू काही वीज मंडळाच्या जबलपूर ऑफिसातून इन्स्पेक्शनला आलेत. तीन पायऱ्यांनी बोट २६ मीटर वर चढवतात, मग गातूनचं तळं, मग परत तीन पायऱ्या खाली, आणि पंप एकही नाही, सगळं वरच्या तळ्याचं पाणी उताराने सोडून. दोन्ही बाजूंना छोटी इंजिनं तारांनी बोट सरळ धरून चालतात. मला मजा आली पण मग यांनी सांगितलं की एक बोट पार करायला जवळपास २० कोटी लिटर पाणी समुद्रात सोडतात, आणि तेही गोडं, पावसाचं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तर बोटींची संख्याच कमी करावी लागली होती. नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढवून आणलेलं पाणी एक दिवसाआड भरणाऱ्या बाईला हे ऐकून कसं वाटेल सांगा. मी दिवसभर ते दरवाजे उघडले की तोंड फिरवायची.

मग पॅसिफिक. बारा-तेरा दिवस नुसतं पाणी. स्पीड १२ नॉट म्हणजे ताशी २२ किलोमीटर, पलासिया चौकातून संध्याकाळी स्कूटर काढावी तेवढा. पहिले तीन दिवस मी आडवी, आलेपाकावर जगले. केबिन घेणार असाल तर मधली आणि खालच्या मजल्याची घ्या, वरची बाल्कनीवाली दिसायला छान पण ती सगळ्यात जास्त झुलते. चौथ्या दिवसापासून सवय झाली आणि मग खरं सांगते, त्या बारा दिवसांसाठी मी पुन्हा पैसे भरेन. काहीच नसतं. वेळ मधूनमधून एक तास मागे करतात त्यामुळे झोप पण जास्तीची.

त्यात संकष्टी आली. कालनिर्णय नेलं होतं, पण चंद्रोदय कुठला धरायचा? इंदूरचा? बोटीवरचा? हे म्हणाले चंद्र दिसेल तेव्हा उगवला, त्यात काय. मी रिसेप्शनला विचारलं, त्यांनी ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, फोन लावला, आणि तिथल्या ऑफिसरने अगदी मिनिटासकट वेळ सांगितली, असा पंचांगवाला मला जन्मात भेटला नव्हता. रात्री मागच्या डेकवर गेलो, अंधार गुडुप, ढग होते, वीस मिनिटं थांबलो आणि मग पाण्यातून लाल चंद्र वर आला. उलटा. विषुववृत्ताच्या खाली होतो ना, ससा डोक्यावर. मी तांब्या घेऊन कठड्याशी गेले, अर्घ्य द्यायला हात पुढे केला तेवढ्यात मागून गार्ड, "मॅम, नथिंग ओव्हरबोर्ड प्लीज." मी म्हटलं अरे बाबा पाणीच आहे, फूल आणि तांदळाचे चार दाणे, समुद्राला काय होणार. तो नम्रपणे हलला नाही. कचऱ्याच्या नियमांवर मंगळवारी मीच भाषण ठोकलेलं, आता काय बोलणार. शेवटी त्याने बारमधून आइस बकेट आणून दिली, मी त्यात अर्घ्य दिलं, त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

पिटकेर्न बेटावर उतरायचं होतं, लाटांमुळे उतरता आलं नाही, तिथे पन्नासच्या आत माणसं राहतात, १७८९ मध्ये बंड करून पळालेल्या इंग्रजी खलाशांचे वंशज. मग तेच होडी घेऊन आमच्या बोटीवर आले आणि लॉबीत दुकान मांडलं, मध घेतला, तो बोटीवरच संपवला. लक्षात ठेवा, रूटमध्ये लिहिलेलं प्रत्येक ठिकाण बघायला मिळेलच असं नाही.

आता कुरकुर. ताहितीला, पपीतेमध्ये, दोन दिवस थांबायचं होतं, थांबलो नऊ. काहीतरी पार्ट बिघडला, तो विमानाने यायचा होता, रोज संध्याकाळी स्पीकरवर "उद्या". तीन दिवस एसी अर्धा. बेट सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण कॉफी प्यायला उतरलं तरी पाकीट हलकं, आणि आमचा व्हिसा मोजून दिवसांचा, हे रोज सकाळी बोटांवर तारखा मोजायचे. ऑफिसवाले गोड बोलायचे, लेखी काही द्यायचे नाहीत. आणि हे आमच्याच नशिबी होतं असं नाही, या धंद्यात हे चालतं. २०२४ मध्ये अशीच एक बोट मे अखेरीला बेलफास्टहून निघणार होती, दुरुस्तीत अडकली ती सप्टेंबर संपेपर्यंत, घरदार आवरून आलेली लोकं चार महिने तिथेच. २०२३ मध्ये तीन वर्षांची एक सफर तर निघायच्या आधीच रद्द झाली. जुन्या बोटी आहेत शेवटी. वर पाठीला रंग दिला तरी गुडघे तेच.

त्या नऊ दिवसांत शेजारची बाई नीट कळली. ओहायोची, ७६ वर्षांची, एकटी, केबिनला तिने स्वतःचे पडदे लावलेत, पिवळे, दाराला तोरणासारखं काहीतरी विणून टांगलंय. तिने घर विकलं, गाडी विकली, पत्ता म्हणून साउथ डकोटातल्या टपाल ठेवणाऱ्या एका ऑफिसचा पत्ता, म्हणे अमेरिकेत फिरणारी लोकं असं करतात. अफवा आली की बोट कदाचित गोदीत न्यावी लागेल आणि सगळ्यांना दोन आठवडे उतरावं लागेल. सगळे फोनवर, कोण मुलाकडे जाणार, कोण हवाईला. ती डेकवर विणत बसलेली. मला म्हणाली, तुमच्या झाडांना कोण पाणी घालतंय? मी म्हटलं समोरच्या काकू, एक दिवसाआड, नळ येतो तेव्हा. तिने सुया खाली ठेवल्या आणि म्हणाली, मला कोणाला तरी चावी द्यायला आवडलं असतं. अफवा खोटी निघाली, गोदीत काही जावं लागलं नाही. पण तेव्हापासून हे "आपण पण घेऊ या का" म्हणायचे बंद झाले, आधी रोज म्हणायचे.

बँकेचं. वायफाय उपग्रहावरचं, चांगलं चालतं, नातवाशी व्हिडिओ कॉल रोज. यांचा पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा होता, मुलाने ॲप आधीच सेट करून दिलेलं, भर पॅसिफिकमध्ये चेहरा दाखवून तिसऱ्या वेळेला लागला. हे इतके खूश की कॅप्टनला सांगून आले, सरकारला पटलं मी जिवंत आहे. पण ओटीपी! एफडी रिन्यू करायची होती, ओटीपी मोबाईलच्या टॉवरवर येतो आणि टॉवर हजार मैलांवर. दहा दिवस एफडी तशीच. आणि ज्यांना खरंच केबिन घ्यायचीय त्यांनी आधी सीएला गाठा, भारतातून एका माणसाला एका वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, आणि किती दिवस बाहेर राहता त्यावर टॅक्सचा हिशोब बदलतो.

डॉक्टर बोटीवर आहे, बीपी, ताप, टाके एवढं होतं. त्यापुढचं काही झालं तर पुढच्या बंदराची वाट, आणि पुढचं बंदर दहा दिवसांवर असू शकतं. यांच्या गोळ्या मी चार महिन्यांच्या नेल्या होत्या. इन्शुरन्सशिवाय पाय ठेवू नका.

कुक बेटं झाली आणि फिजीकडे येताना गुरुवार गेला. खरंच गेला, बुधवारी झोपलो ते शुक्रवारी उठलो, मध्ये तारखेची रेषा. माझा गुरुवारचा उपास असतो, तो बसल्या जागी घडला, पेडणेकर म्हणाला काकी ह्याला म्हणतात कडक उपास. सुव्हाला उतरलो तर टॅक्सीवाला हिंदी बोलतो! आपल्यासारखी नाही, भोजपुरीच्या अंगाची, पण हिंदी. त्याचे पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आले होते, १८७९ ते १९१६ असे साठ हजार लोकं इंग्रजांनी नेले, करार होता म्हणून त्यांना गिरमिटिया म्हणतात. त्याने विचारलं तुम्ही कसे आलात, हे म्हणाले बोटीने. तो म्हणाला, हम लोग भी. मग बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही.

फिजीतल्याच नांदीहून विमान, मुंबई, इंदूर. अहिल्याबाई एअरपोर्टवर उतरल्यावर मला अर्धा दिवस जमीन हलत होती.

स्टार विचारत असाल तर पाहुणे म्हणून राहायला पाचपैकी चार, एक स्टार जेट स्प्रेचा आणि त्या नऊ दिवसांचा मिळून कापला. विकत घ्यायला दोन. भाड्याने दोन-तीन महिन्यांचा तुकडा मिळतो, तो घ्या, घर ठेवा, चावी समोरच्या काकूंना द्या. ताईचा गुडघा बरा झालाय, ती फेब्रुवारीअखेर परत बोटीवर. काल जिजाजींचा फोन, एक किलो जिरावण पाठव म्हणे, कॅनडाचा म्हातारा ग्रुपवर रोज विचारतो. मी पॅक करून ठेवलंय, कुरियरवाला पत्ता मागतोय, आणि बोट अजून ठरवते आहे की पुढच्या महिन्यात ती कुठे असेल.